शेवटचा शब्द पब्लिकचा

१

सकाळी उठल्या उठल्या मी आधी मामाजींची नळी साफ करते. मामाजी म्हणजे माझे सासरे, परसराम मेश्राम. तंबाखूच्या खर्ऱ्यानं घसा नासला, ऑपरेशन झालं, जीव वाचला आणि गळ्याला भोक राहिलं. त्या भोकातली आतली नळी काढायची, बारीक ब्रशनं घासायची, उकळून गार केलेल्या पाण्यानं धुवायची, परत बसवायची. मी भंडाऱ्याच्या एका खासगी दवाखान्यात नर्स आहे. तिथं हे काम मी बोलता बोलता उरकते.

घरी मात्र आजकाल फार सावकाश करते. ब्रश पुन्हा पुन्हा फिरवते. नळी उजेडात धरून पाहत बसते. मामाजी घाई करत नाहीत, त्यांना माहीत आहे. भोकावर बोट दाबलं की त्यांच्या गळ्यातून घोगरं काहीतरी निघतं. काल तसं बोट दाबून म्हणाले, "होऊ दे सावकाश, पोरी. मले कोठी जायचं आहे?"

हा माणूस एके काळी भीमगीतं गायचा. गोसीखुर्दच्या धरणात गेलेल्या जुन्या गावात त्यांची पार्टी होती. ढोलक, पेटी आणि मागं ओळीनं बसलेले झीलकरी. गाणाऱ्यानं ओळ म्हणायची, शेवटचा शब्द सोडून द्यायचा आणि मागच्यांनी तो उचलायचा. ती झील. आम्ही शिकलेली पोरं त्याला कोरस म्हणायचो आणि वर हसायचोही.

२

सुगत त्यांचा एकुलता पोरगा आणि माझा नवरा. बापाचा गळा घेऊन जन्मला आणि बापाचं ऐकायचं नाही हा हट्टही घेऊन आला. इंजिनिअरिंगला नागपूरला गेला, तिथून डिग्रीऐवजी गिटार घेऊन परतला. जयंतीच्या स्टेजवर त्यानं ती इलेक्ट्रिक गिटार पहिल्यांदा लावली तेव्हा मामाजी पुढच्या रांगेतून उठून गेले. "हे गाणं होय का टिनावर गारा पडून राहिल्या?" तेव्हा त्यांचा आवाज खणखणीत होता, साऱ्या पुनर्वसन कॉलनीनं ऐकलं. तेव्हापासून बापलेक गाण्यावर बोलले नाहीत.

बँड निघाला तो सिहोऱ्याला, मोनूच्या बापाच्या राईस मिलच्या गोदामात. मोनू ड्रमवर, अश्विन बेसवर, आणि सुगत गिटारवर. गाणी लिहिणारा आणि म्हणणाराही तोच. बँडचं नाव बॅकवॉटर. धरणामागं साचलेल्या पाण्याला आमच्याकडं म्हाताऱ्या बायासुद्धा बॅकवॉटरच म्हणतात. घरी येताना तिघांच्या केसांत धानाचा कोंडा असायचा आणि डोळ्यांत मोठमोठी स्टेजं.

सुगतची एक सवय होती. ओळ म्हणायची आणि शेवटच्या शब्दाला माईक लोकांपुढं धरायचा. "शेवटचा शब्द पब्लिकचा," तो म्हणायचा. बापाची झीलच ती! पण कबूल करेल तर शपथ.

आमचं गाणं तर सगळ्यांना पाठ होतं. मी त्याच्याशी बोलत नव्हते त्या दिवसांत त्यानं ते माझ्यावर रचलं. "पुलावरून हाका मारल्या, एकदाही वळेना..." आणि माईक पुढं. सारं पब्लिक ओरडायचं, "रीना!" मग मी जिथं असेन तिथून, स्टेजच्या मागून नाहीतर पाणीपुरीच्या गाड्यापासून, तोंडाशी दोन्ही हात धरून ओरडायची, "ओ!" की मोनूचे ड्रम सुटायचे. कॉलेजात केलं, लग्नात केलं, पुढं पुण्यात हजारो लोकांपुढंही केलं. इतकी सवय लागली होती की सुगत दाढी करताना ते गुणगुणला तरी स्वयंपाकघरातून माझा ओ जायचा. कूकरला शिट्टी यावी तसा, आपोआप.

३

मग त्यानं जुन्या गावावर गाणं केलं. उन्हाळा होता, पाणी मागं सरकलं होतं. जुन्या समाजमंदिराचा स्लॅब तेवढा पाण्यावर आला होता. व्हिडिओ तिथंच काढायचा ठरला. काठावर आम्ही चौघंच. भर दुपार, माणूस नाही, गुरं नाहीत. मी सुगतच्या डोक्यावर छत्री धरून कावले होते.

"नकाशावर निळं निळं, निळ्याखाली माझं..." त्यानं म्हटलं आणि सवयीनं माईक पुढं केला. पुढं पब्लिक कुठलं? पाणी. फ्रेम झकास आली, असं अश्विन म्हणाला. सुगतनं माईक खाली घेतला, आम्ही सामान बांधलं आणि घरी आलो.

संध्याकाळी अश्विनचा फोन आला. "वहिनी, तिथं आपल्याशिवाय कोणी होतं का?"

"होतं ना, ऊन होतं. काहून?"

त्यानं फोनवरच ऐकवलं. सुगतची ओळ, मग थोडं वारं, मग दुरून, दबलेलं, तोंडात पाणी धरून बोलावं तसं: घर.

"एको आहे," मी म्हटलं.

"वहिनी, एको कशाचा? तो शब्द सुगत बोललाच नाही ना."

मी म्हटलं, मासे धरणारे ढिवर असतील, मस्करी केली असेल. मला खरंच तसं वाटलं. सुगत तर खूश झाला. म्हणाला, ठेव तसंच, काय कोरस आहे! आणि त्या कोरसनंच गाणं चाललं. लोक विचारायचे, हा आवाज कोणाचा? पुण्याच्या एका कंपनीनं फोन केला. आमच्या आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी बॅकवॉटरची वाट पाहत होतं.

४

त्यानंतर एकदा तो मला दवाखान्यातून घ्यायला आला. गाडीला किक मारून म्हणाला, "चाल, जाऊ..." आणि थांबला.

"कुठं जाऊ?"

"आपल्या... तिकडं."

मी हसले. म्हटलं, पुण्याची हवा लागली वाटते साहेबांना. पण तो हसत नव्हता. त्याच्या कपाळावर घाम होता. त्या रात्रीपर्यंत माझ्या लक्षात आलं की त्याच्या तोंडून "घर" हा शब्दच निघत नाही. जीभ तिथवर येते आणि पायरी हुकल्यासारखी खाली पडते. मी नर्स आहे, लगेच पक्षाघाताच्या झटक्याचा विचार केला. हात वर कर म्हटलं, जीभ बाहेर काढ म्हटलं. सारं ठीक. इंग्रजीत म्हण म्हटलं तर "हाऊस" म्हणाला पटकन. हिंदीत म्हणायला लावलं तर पुन्हा अडकला, शब्द तोच ना! नागपूरला डोक्याचा एमआरआय केला. डॉक्टर म्हणाले, काही नाही, ताण आहे, झोप घ्या. मीही तेच धरून बसले. ताण आहे म्हटलं की किती बरं वाटतं.

आमच्या घरात ओल चढायला लागली ती तेव्हापासूनच. ऐन मे महिन्यात, विहिरी आटलेल्या असताना. खालून वर, चारही खोल्यांत एकाच उंचीवर, पट्टी लावून रेघ मारावी तशी. मी ठेकेदाराला शिव्या घातल्या. पण दुपारी कॉलनी झोपली की फरशीखालून कसलातरी आवाज यायचा. नावेला पाणी थापट्या मारतं ना, तसा. आणि घराला वास यायचा गाळाचा. फिनाईल टाकून टाकून माझे हात सोलले.

५

कंपनीला दुसरं गाणं हवं होतं, त्याच कोरससह, त्याच जागी. सुगतनं आईवर रचलं. माझ्या सासूबाईंवर, सुमनबाईंवर. "चुलीपाशी धूर धूर, धुरामागं माझी..." आणि माईक पाण्याकडं.

ह्या वेळी मी ड्युटीवर होते. अश्विन सांगत होता, आवाज एकाचा नव्हता, चार-पाच जण असतील, अगदी ठेक्यात. सगळ्यांनी मिळून म्हटलं: माय. अश्विननं तिथंच बेस गाडीत टाकला. "मले जमत नाही भाऊ," म्हणाला आणि बँड सोडून गेला. मोनू आणि सुगतनं त्याला भित्रा ठरवलं.

सुगत घरी आल्या आल्या दारातूनच "माय!" अशी हाक मारायचा. लहानपणापासूनची रीत. त्या दिवशी दारात आला, तोंड उघडलं आणि तसाच आत गेला. दोन दिवसांनी आई माझ्यापाशी रडल्या. "पोरगा मले माय म्हणत नाही वं रीना. माझं काय चुकलं?" मला राग आला होता, कोणावर ते कळत नव्हतं. मी सुगतला म्हटलं, अरे म्हण ना एकदा, म्हातारीचा जीव तळमळून राहिला! तो तोंड उघडायचा. नुसती हवा यायची. शेवटी तो माझ्या खांद्यावर डोकं टेकून लेकरासारखा रडला.

मग ती दुपार. आई मधल्या खोलीत सुपात तांदूळ निवडत होत्या. मी बाजूला कपड्यांच्या घड्या घालत होते. एकदम त्यांचा चेहरा उजळला. मान वर करून त्या म्हणाल्या, "ओ! आली रे बाबू. एवढे तांदूळ होऊ दे."

"कोणाला म्हणता, आई?"

"सुगत आवाज देऊन राहिला ना. माय म्हणला! ऐकलं नाही का तू?"

मला बरं वाटलं, देवाशप्पथ. वाटलं, सुटला एकदाचा. त्यांनी तांदूळ निवडून संपवले, सूप खुंटीला लावलं, हिरव्या साडीला हात पुसले आणि बाहेर गेल्या. मी घड्या संपवून समोरच्या खोलीत गेले. सुगत पलंगावर गाढ झोपला होता.

आई पाण्यात सापडल्या, समाजमंदिराच्या स्लॅबपाशी. लोक म्हणाले, जुनं गाव पाहायला गेली असेल, पाय घसरला.

६

आईच्या मातीला सारी कॉलनी रडली. सुगत नुसता तोंड उघडून उभा होता. पोराला माय म्हणून टाहोसुद्धा फोडता येऊ नये? मी त्याच्याकडं पाहू शकले नाही.

नंतर एका सकाळी नळी धुताना काय मनात आलं कोण जाणे, मी मामाजींना फोनवर ती दोन्ही गाणी ऐकवली. पोराची गाणी त्यांनी कधीच ऐकली नव्हती. ओळ संपली, तो शब्द आला, आणि त्यांनी माझं मनगट धरलं.

"झील कोण धरून राहिलं?"

"कोणी नाही मामाजी. पाणी आहे समोर."

त्यांनी तो शब्द पुन्हा वाजवायला लावला. मग भोकावर बोट ठेवून एकेक शब्द काढला. "ओळ वापस घेतली का त्यानं?"

मला कळेना. त्यांनी सांगितलं ते असं. झीलकऱ्याच्या तोंडी शब्द सोडून गाणाऱ्यानं खाली बसायचं नाही. शेवटी तो शब्द स्वतःच्या तोंडानं म्हणून ओळ घरी आणायची. जुन्या पार्टीत पोरगंसोरगंही हे विसरायचं नाही. "नाही आणली तर?" मी विचारलं.

"तर ते त्याहीचं, झील धरणाऱ्याहीचं," मामाजी म्हणाले. आणि पोराला ही एवढी रीत आपण शिकवली नाही म्हणून रडले.

जुन्या गावच्या मातीत गेलेले लोक झील धरतात, हे माझं डोकं मानायला तयार नव्हतं. मी रोज माणसं मरताना बघते, कोणी परत आलेलं पाहिलं नाही. पण चुलीजवळच्या भिंतीवर ओल आता माझ्या कमरेला लागत होती. आणि सुगत "घर" म्हणू शकत नव्हता, "माय" म्हणू शकत नव्हता. मग अक्कल लढवली ती मीच. झील जो पहिला उचलेल त्याची, बरोबर? तर मी उचलते! त्यांच्याआधी मी शब्द धरीन, आणि माझ्याकडून तो सुगतनं घ्यायचा. मामाजींनी विचार केला, मान हलवली. "घरातल्याकडून घेता येते," म्हणाले. "पण काम झालं का उठायचं. रमायचं नाही."

७

आम्ही दोघंच गेलो, दुपारीच, भरपूर उजेडात. तो गिटार घेऊन काठावरच्या दगडावर बसला, मी त्याच्या मांडीला मांडी लावून. पाणी अगदी गप्प होतं. स्लॅब अजून वरच होता.

"नकाशावर निळं निळं, निळ्याखाली माझं..."

"घर!" मी अशी ओरडले की माझंच नरडं फाटलं. आणि त्याच्याकडं तोंड करून पुन्हा म्हटलं, "घर. घे. म्हण."

त्याचे ओठ थरथरले. "घ..." म्हणाला. मग, "घर." मग वेड्यासारखा, "घर! घर! आपलं घर, रीना!"

दुसरी ओळही तशीच. ह्या वेळी पाण्यावरून काहीतरी सुरू होत होतं, मला ऐकू आलं. ओठ उघडण्याचा ओला आवाज. पण मी आधी धरलं. "माय!" सुगतनं ते माझ्याकडून घेतलं आणि जे रडायचं राहिलं होतं ते सारं रडून घेतलं. माय, माय करत जमिनीवर हात आपटत होता. मी त्याची पाठ चोळत होते. महिन्यांनी माझा नवरा मला परत मिळाला होता.

उठायला हवं होतं. रमायचं नाही, असं मामाजींनी बजावलं होतं. पण तो डोळे पुसून हसला, माझ्याकडं पाहिलं, आणि त्याच्या बोटांनी आपोआप ती चाल धरली. कॉलेजची. आमची. मलाही तेव्हा दुसरं काही नको होतं. बाई, इतके दिवस झाले होते त्याला हसताना पाहून.

"पुलावरून हाका मारल्या, एकदाही वळेना..."

शेवटचा शब्द पब्लिकचा. तो सोडायचाच असतो, तसा त्यानं सोडला. आणि माझं नाव मी तर कधीच म्हणत नव्हते, ते नेहमी लोक म्हणायचे.

"रीना," पाण्यावरून आलं. सगळ्यांनी मिळून, ठेक्यात. त्यात एक बाईचा आवाज होता, मायेचा, मला रोज चहाला उठवणारा.

आणि मी दोन्ही हात तोंडाशी नेले आणि ओरडले, "ओ!"

सुगतचा हात तारांवर थांबला. मी स्लॅबकडं पाहिलं. पूर्ण पाहिलं असं म्हणवत नाही. कडेला ते ओळीनं बसले होते, झीलकरी बसतात तसे, उन्हात ओले. चेहऱ्यांकडं मी पाहिलं नाही. शेवटच्या जागेवर हिरवी साडी होती. तिच्या बाजूला एका माणसाची जागा सोडलेली होती.

८

घरातली ओल आता गेली. भिंती कोरड्या ठणठणीत आहेत, मोनू सरावासाठी यायला लागलाय, कंपनीचा फोन येतो. सुगत घर म्हणतो, माय म्हणून फोटोसमोर मेणबत्ती लावतो. मला मात्र "अवो" म्हणतो, "ऐकलं का" म्हणतो. कोणाला त्यात काही वावगं दिसत नाही. उलट शेजारच्या ताराबाई म्हणतात, "पाह्य बाई, रॉकस्टार असून बायकोचं नाव घेत नाही, किती गुणाचा!" मी हसते. काय करू?

मला हाक येते. दुपारीच येते. वॉर्डातल्या नळातून, घरच्या मोरीतून, कधी सलाईनच्या बाटलीतून. मी पुन्हा ओ देत नाही. पण एकदा दिलेला आहे ना! आणि ओ दिल्यावर माणूस काय करतो? हातातलं काम आटोपतो आणि जातो. आईंनी तांदूळ आटोपले होते. म्हणून मी काम आटोपू देत नाही. घडी घातलेले कपडे पुन्हा मोडते. निवडलेले तांदूळ पुन्हा निवडते. मामाजी बिचारे मुद्दाम खोकून नळी भरवून देतात, मला काम पुरावं म्हणून.

एक उपाय आहे. माझं नाव माझ्याकडून त्याला घेता येत नाही, ओ देऊन मी आता तिकडची झाले; शब्द आधी सुगतच्याच तोंडून यायला हवा. म्हणून रोज सकाळी मी नळी धुताना तो समोर स्टूलवर बसतो. मी ओळ म्हणते, शेवटचा शब्द त्याच्यासाठी सोडते. आता तो माझा झीलकरी. बिचारा जीव तोडून तोंड उघडतो. कधी ओठ हलतात, कधी हवा येते. मी म्हणते, असू दे, उद्या पाहू.

आज नळी फार लवकर स्वच्छ झाली. उजेडात धरली, एक कण नाही. मामाजींचा डोळा लागलाय, आज ते खोकलेच नाहीत. सुगत समोर बसलाय, माझा हात धरून.

"पुलावरून हाका मारल्या," मी म्हटलं, "एकदाही वळेना..."

त्यानं तोंड उघडलं. आणि शब्द आला, स्पष्ट, त्याच्याच आवाजात, कॉलेजात म्हणायचा तितक्या लाडानं. सुगतचे ओठ हलले नव्हते. तो घाबरून बेसिनकडं बघत होता.

"आली रे," मी म्हटलं. "एवढी नळी बसवू दे."